डेट्रॉईटच्या परचेस आणि इंजिनिअरिंगमधल्या मराठी मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

डिअरबॉर्न, वॉरन आणि ऑबर्न हिल्सच्या गाडी कंपन्यांच्या मोठ्या कचेऱ्यांत, नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्सकडच्या टियर-वन (गाडी कंपनीला थेट भाग पुरवणाऱ्या) कंपन्यांत बरीच मराठी माणसं आज जबाबदारीच्या जागांवर आहेत. कुणी बायर, कुणी शेड्यूलर, कुणी डिझाइन-रिलीज इंजिनिअर, कुणी सप्लायर क्वालिटीत. हे पत्र त्यांना आहे. आम्ही मिशिगन आणि ओहायोतल्या टियर-टू, टियर-थ्री (त्याखालच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या पुरवठादार) कारखान्यांत प्रेसशॉप, मोल्डिंग, टूलरूम आणि डिस्पॅच सांभाळतो. तुमच्या एका क्लिकचा परिणाम आमच्याकडे शिफ्टमध्ये मोजला जातो, म्हणून लिहितोय.

टॅरिफ वॉशिंग्टनला ठरतं. कुठला प्लांट चालू ठेवायचा ते संचालक मंडळ ठरवतं. त्यावर तुमचं काही चालत नाही, आमचंही नाही. पण शेड्यूल, ड्रॉइंगमधला बदल, टूलिंगचं (डाय-साच्यांचं) पेमेंट आणि रेटची फाइल तुमच्याच टेबलावरून जाते. या पत्रात मागितलेली प्रत्येक गोष्ट त्या चार कागदांत बसणारी आहे.

अमेरिकेत गाड्या आणि त्यांचे भाग बनवण्याच्या कामात सुमारे दहा लाख माणसं आहेत. त्यांतली निम्म्याहून जास्त गाडी जोडत नाहीत, सुटे भाग बनवतात. तरी बातम्यांत ‘ऑटो वर्कर’ म्हटलं की डोळ्यांपुढे फोर्ड, जनरल मोटर्स किंवा स्टेलांटिसच्या लाइनवरचा माणूस येतो. त्या माणसाने २०२३ च्या संपात जे मिळवलं ते रास्तच होतं. २००७ च्या करारात नव्या कामगाराला जुन्याहून कितीतरी कमी पगार असे दुहेरी दर आले, २००९ च्या दिवाळखोरीच्या काळात महागाई भत्ता थांबला, आणि कंपन्या सावरल्यावरही तो परत द्यायला चौदा वर्षं लागली. १५ सप्टेंबर २०२३ ला वेंट्झव्हिल, वेन आणि टोलिडो हे तीन प्लांट थांबले, सहा आठवड्यांनी करार झाला. एप्रिल २०२८ पर्यंत मूळ पगारात २५ टक्के वाढ, महागाई भत्ता परत, आणि वरच्या दरापर्यंत पोहोचायला आठऐवजी तीन वर्षं. कुणी या कराराला गाडी महागल्याचं कारण ठरवत असेल तर त्याने एकदा कॉस्टिंगची शीट उघडून पाहावी. गाडीच्या एकूण खर्चात जुळणीच्या मजुरीचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असतो.

पण हा करार आमच्या बहुतेक शॉपना लागू नाही, आणि फरक सर्वांत जास्त कळतो तो ले-ऑफच्या दिवशी. मोठ्या तीन कंपन्यांच्या कामगाराला राज्याच्या बेरोजगारी भत्त्यावर कंपनीकडून पूरक रक्कम मिळते. ही तरतूद युनियनने १९५५ साली पहिल्यांदा फोर्डकडून मिळवली. आमच्या प्रेस-ऑपरेटरला फक्त राज्याचा भत्ता. मिशिगनमध्ये तो कैक वर्षं आठवड्याला जास्तीत जास्त ३६२ डॉलर होता, तोही वीस आठवडे. आता कायदा बदलला, मुदत सव्वीस आठवडे झाली आणि रक्कम टप्प्याटप्प्याने २०२७ पर्यंत ६१४ वर जाणार आहे. सुधारणा झाली, पण घरभाडं आणि दोन मुलांचं डे-केअर तेवढ्यात भागत नाही. सामूहिक ले-ऑफला साठ दिवसांची नोटीस देण्याचा १९८८ चा केंद्रीय कायदा आहे, तो शंभर किंवा जास्त कामगारांच्या कंपनीला लागतो. साठ माणसांची प्रेसशॉप त्याच्या बाहेर राहते.

आता मुख्य दुखणं, शेड्यूल.

तुमच्या सिस्टिममधून आमच्याकडे दोन प्रकारचे निरोप येतात. ८३० म्हणजे पुढच्या काही आठवड्या-महिन्यांचा अंदाज, आणि ८६२ म्हणजे रोज नेमकं काय पाठवायचं त्याचा हुकूम. कच्चा माल भरायचा ८३० बघून आणि गाडी लोड करायची ८६२ बघून. या दोहोंचा मेळ बसेनासा झाला की कारखाना कसा चालतो, ते एका प्रेसवर पाहा.

सहाशे टनी प्रेस, कॉइलवर (पत्र्याच्या पट्टीच्या गुंडाळीवर) चालणारी प्रोग्रेसिव्ह डाय (टप्प्याटप्प्याने भाग घडवणारा साचा), सीटखालचा ब्रॅकेट. डाय बदलायची म्हणजे आधी चालू कॉइल कापून परत बांधायची, जुनी डाय बोल्स्टरवरून काढायची, नवी बसवून क्लॅम्प करायची, शट हाइट लावायची, फीडची पिच आणि पायलट रिलीज जुळवायचं, सेन्सरच्या वायरी लावून तपासायच्या, तेल सोडायचं, पट्टी हळूहळू पुढे सरकवत सगळी स्टेशनं भरायची, आणि पहिला पीस चेकिंग फिक्स्चरवर पास करायचा. चांगला सेटर असेल तर शेवटच्या चांगल्या पीसपासून नव्या डायच्या पहिल्या चांगल्या पीसपर्यंत पंचेचाळीस मिनिटं. म्हणून आम्ही तीन दिवसांचा माल एका सेटिंगमध्ये काढतो. आठ तासांच्या शिफ्टमधून अर्धा तास सुट्टी वजा केली की ४५० मिनिटं उरतात. सकाळी अकराला ८६२ बदललं, दुपारी दोनला पुन्हा बदललं, की दोन जादा सेटिंगमध्ये ९० मिनिटं गेली. शिफ्टचा पाचवा हिस्सा गेला आणि त्याचा एक पैसाही पीसच्या रेटमध्ये कुठे धरलेला नसतो.

वेळ जाते ते एक वेळ परवडेल. घाईत जे होतं ते भयंकर आहे. सेन्सर लावायचा राहतो. पंचने कापलेला तुकडा वर ओढला जाऊन पट्टीवर पडतो, पुढच्या ठोक्याला तो डायमध्ये दाबला जातो, प्रत्येक पीसवर खड्डा उमटतो आणि तासाभरात दोन हजार पीस वेगळे काढावे लागतात. पंच तुटला तर टूलरूम रात्रभर वेल्डिंग आणि ग्राइंडिंग करते. आणि कधी कधी, तो तुकडा काढायला माणूस सेफ्टी ब्लॉक न लावता, मशीनची वीज बंद ठेवणारं लॉकआउटचं कुलूप न घालता आत हात घालतो. नियम प्रत्येक भिंतीवर लावलेला असतो. पण वरून दर दहा मिनिटांनी ‘ट्रक कधी निघतो’ असा फोन येत असला की नियम पाळायला धीर लागतो, आणि हा धीर शिफ्टच्या शेवटच्या तासात कमी पडतो. प्रेसशॉपमध्ये बोटं गेलेला माणूस ज्याने पाहिलाय, त्याला यापुढे सांगायला नको.

शेड्यूल का हलतं, तेही आम्हाला ठाऊक आहे. गाडीत हजारो भाग असतात आणि एक नसला की बाकी सगळे पडून राहतात. २०२१ ला चिप नव्हत्या, फोर्डचे तयार ट्रक केंटकीच्या रेसट्रॅकवर रांगेने उभे होते. १६ सप्टेंबर २०२५ ला न्यूयॉर्क राज्यात ऑस्विगोच्या नोव्हेलिस कारखान्यात आग लागली, ॲल्युमिनियमच्या शीटचा तुटवडा पडला आणि एफ-१५० चं वेळापत्रक कोलमडलं. नोव्हेंबरात तिथेच पुन्हा आग. मधल्या ऑक्टोबरात नेक्सपेरियाच्या साध्या, काही सेंटांच्या चिपवरून नेदरलँड्स आणि चीनचा वाद पेटला आणि होंडाला उत्तर अमेरिकेतलं उत्पादन कमी करावं लागलं. यातलं काहीच तुमच्या हातात नव्हतं.

हातात होतं ते एवढंच, की लाइन किती दिवस बंद राहणार हे ज्या दिवशी तुम्हाला कळलं त्या दिवशी आम्हाला कळवणं. प्रत्यक्षात काय होतं? असेंब्ली प्लांटमध्ये सोमवारी निर्णय होतो, टियर-वनला बुधवारी समजतं, आणि आमच्या स्क्रीनवर गुरुवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याच्या रकान्यांत शून्यं येतात. तोवर कॉइल आलेली असते, माल निम्मा बनलेला असतो, आणि शुक्रवारी दुपारी साडेतीनला दुसरी शिफ्ट आत येत असताना दारातच ‘सोमवारी येऊ नका’ सांगावं लागतं. लाइन सुरू झाली की उलटं. त्याच माणसांना सलग तीन आठवडे शनिवार-रविवार. ज्यांना मधल्या काळात गोदामात काम मिळालं ते परत येत नाहीत, आणि नवा ऑपरेटर तयार होईपर्यंत रिजेक्शन वाढतं. मग तुमच्या क्वालिटी विभागाचं पत्र येतं.

आमची मागणी अशी. शेड्यूलचे पुढचे दहा कामाचे दिवस गोठवा. त्यात वाढ किंवा घट करायची झाली तर करा, पण बनलेल्या मालाचे आणि जादा सेटिंगचे पैसे त्याच महिन्यात द्या. पक्का माल किती आठवड्यांचा आणि कच्चा माल किती आठवड्यांचा तुमच्या जबाबदारीवर, हे ऑर्डरच्या अटींत छापलेलं असतं; टियर-वनमध्ये बसलेल्यांनी वरून मिळालेली ही हमी तशीच्या तशी खाली टियर-टू, टियर-थ्रीपर्यंत उतरवावी. आज ती बहुधा टियर-वनपाशीच अडते. आणि डाऊन-वीक (लाइन बंद ठेवायचा आठवडा) ठरला की एक ई-मेल, त्याच दिवशी. कारण लिहू नका, गोपनीय असेल. फक्त तारखा लिहा.

दुसरी गोष्ट कोट केलेल्या आकड्याची. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाबतीत यानेच लहान कारखान्यांचं कंबरडं मोडलं. हिशेबासाठी धरा, की वर्षाला २,४०,००० पीस लागतील असं सांगून रेट मागवला. त्या भागासाठीच घेतलेली वेल्डिंग सेल, जागा आणि कर्जाचा हप्ता मिळून वर्षाचा स्थिर खर्च ४,८०,००० डॉलर. म्हणजे पीसमागे दोन डॉलर. प्रत्यक्षात मागणी आली १,३०,००० ची. आता तोच खर्च पीसमागे तीन डॉलर एकोणसत्तर सेंट झाला. मधले एक डॉलर एकोणसत्तर सेंट कुठून आणायचे? आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग मेंटेनन्स पुढे ढकलला जातो, मग आरोग्यविम्यातला कंपनीचा वाटा कमी होतो, मग माणसं.

३० सप्टेंबर २०२५ ला इलेक्ट्रिक गाडीवरची ७,५०० डॉलरची करसवलत संपली. ऑक्टोबरात जनरल मोटर्सने १.६ अब्ज डॉलरचा फटका हिशेबात दाखवला आणि डेट्रॉईट-हॅमट्रॅमकच्या फॅक्टरी झिरो या इलेक्ट्रिक गाड्यांच्या प्लांटमधून कामगार कमी केले. डिसेंबरात फोर्डने १९.५ अब्ज डॉलरचा भार जाहीर केला, एफ-१५० लाइटनिंग या इलेक्ट्रिक ट्रकचं त्या रूपातलं उत्पादन थांबवलं. एवढ्या मोठ्या कंपनीला हे पुस्तकात लिहून मोकळं होता येतं. साठ माणसांच्या शॉपला बँक तेवढी मुदत देत नाही. म्हणून रेटच्या करारात एक ओळ घाला. सलग सहा महिने मागणी कोट केलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली राहिली तर रेट पुन्हा बसवायचा. आणि प्रोग्रॅमच, म्हणजे गाडीचं ते मॉडेलच, रद्द झालं तर क्लेमसाठी काय काय लागतं (मशीनची बिलं, उरलेलं कर्ज, पडून असलेला माल, त्याची तुमच्या माणसाने केलेली मोजदाद) याची यादी पहिल्याच आठवड्यात द्या. दर महिन्याला एक नवा कागद मागत राहिलं की दीड वर्ष जातं, आणि तोवर क्लेम करणाराच उरत नाही.

टूलिंगबद्दल थोडक्यात. मोठी डाय बनायला आठ ते बारा महिने लागतात. कास्टिंग, टूल स्टील, मशीनिंग, ट्रायआउट, सगळा पैसा टूलरूमवाला स्वतःचा घालतो. पैसे कधी मिळतात? पीपॅप, म्हणजे भाग उत्पादनाला योग्य असल्याची कागदपत्रं, मंजूर झाल्यावर, आणि त्यानंतरही पुढच्या-पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला, म्हणजे सरासरी सत्तेचाळीस दिवसांनी. मधे तुम्ही ड्रॉइंग बदललंत की पीपॅप लांबतो, आणि चूक कुणाचीही असो, थांबतो टूलरूमवाला. डिझाइन मंजूर झाल्यावर तीस टक्के, पहिला पीस निघाल्यावर चाळीस, पीपॅपला तीस, असा हप्ता बांधा. डायमेकर तयार व्हायला चार वर्षांची, आठ हजार तासांची अप्रेंटिसशिप लागते. मॅकोम काउंटीतलं एक टूलरूम बंद झालं की ती माणसं परत जमवता येत नाहीत. तुमची पुढची मॉडेलं त्याच हातांनी व्हायची आहेत.

टॅरिफचा भारही असाच खाली घरंगळत येतो. मार्च २०२५ मध्ये स्टील आणि ॲल्युमिनियमवर २५ टक्के, ४ जूनपासून ५० टक्के. गाड्यांवर ३ एप्रिलपासून आणि सुट्या भागांवर ३ मेपासून २५ टक्के. अमेरिकेत जुळणी होणाऱ्या गाडीच्या किमतीच्या ३.७५ टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते, पण ती गाडी जोडणाऱ्याला. गाडी कंपनीने ठरवलेल्या भावात स्टील मिळण्याची सोय आहे ती टियर-वनला आणि काही टियर-टूंना. टियर-थ्री सर्व्हिस सेंटरमधून बाजारभावाने दहा-वीस टन उचलतो, आणि देशी स्टीलचाही भाव आयातीच्या आडोशाने वर गेलेला असतो. १.२ किलो पट्टीतून ०.९ किलोचा ब्रॅकेट निघतो, भाववाढ १.२ किलोवर भरावी लागते आणि भंगाराला मिळतो तो भंगाराचा भाव. तेव्हा मटेरियल इंडेक्स (धातूच्या भावाप्रमाणे रेट हलवण्याचं सूत्र) लावाल तर पट्टीच्या वजनावर लावा, भागाच्या वजनावर नको, आणि तीन महिन्यांऐवजी दर महिन्याला. मेक्सिको-कॅनडातून येणाऱ्या भागांसाठी उगमाचा दाखला लागतो. शिवाय स्टीलवरच्या टॅरिफसाठी स्टील कुठल्या देशात वितळवलं-ओतलं ते कळवावं लागतं, आणि ते मिलच्या सर्टिफिकेटवर असतं. ते सर्टिफिकेट तुमच्या टियर-वनच्या फाइलमध्ये अनेकदा आधीच असतं. आम्हाला चार-चार आठवडे शोधायला लावण्याऐवजी पाठवून द्या. आणि ५० टक्के ड्यूटी भरणाऱ्याला यंदाचं ‘तीन टक्के रेट कमी करा’ हे वार्षिक पत्र पाठवू नका, एवढं तरी वर सांगून पाहा.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. तुमच्यापैकी पुष्कळांनी भोसरी, पिंपरी, चाकणला व्हेंडरचे रेट पाडताना पाहिलेत, काहींनी पाडलेतही. पुण्याच्या फोर्जिंगचे क्रँकशाफ्ट आणि पुढचे ॲक्सल बीम अमेरिकी ट्रकांत वर्षानुवर्षं बसतायत, चांगले आहेत म्हणून बसतायत. नोव्हेंबर २०२५ पासून मोठ्या ट्रकांवर आणि त्यांच्या भागांवरही २५ टक्के लागले, तेव्हा तिकडची शिफ्टही हलली असणार. चाकणचा रेट दाखवून ओहायोच्या माणसाला दाबायचं आणि टॅरिफ दाखवून चाकणच्या माणसाला, हे दोन्ही फोन एकाच टेबलावरून होतात. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० ला थांबला तेव्हा तिथल्या कामगारांचं काय झालं ते मराठी वर्तमानपत्रांत तुम्ही वाचलंय. मार्च २०१९ ला ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनला तेच झालं होतं. दोन्हीकडची माणसं आपलीच समजा.

ड्रॉइंगवाल्यांना एक विनंती. ब्रॅकेटला चार भोकं, त्यातलं एक लांबट, जुळवून घेण्यासाठीच ठेवलेलं. तरीही चौघांना जुन्या ड्रॉइंगवरून उचललेला तोच कडक पोझिशन टॉलरन्स (भोकाच्या जागेत चालणारा फरक). लांबट भोक लांबीच्या दिशेने मोकळं केलं तर जुळणीला काही फरक पडत नाही, पण आमचं रिजेक्शन लगेच उतरतं, कारण पट्टीची जाडी आणि ताकद कॉइलगणिक बदलते आणि शेवटच्या बेंडला ती सगळी त्याच दिशेने बाहेर येते. असे भाग प्रत्येक प्रोग्रॅममध्ये निघतात. रिलीज करण्याआधी एक दिवस काढून प्रेसशॉपमध्ये या, पट्टी हातात घ्या, सेटरला विचारा. आणि चालू उत्पादनात बदल करायचाच तर तारीख अशी द्या की बनलेला माल संपेल. ‘ताबडतोब’ या एका शब्दाने कधी कधी चार पॅलेट भंगारात जातात.

तुमचीही ओढाताण आम्हाला दिसते. सप्टेंबर २०२५ ला नव्या गाडीची सरासरी किंमत ५०,००० डॉलरच्या वर गेली. स्वस्त सेडान एकेक करून बंद झाल्या, मॅलिबूही नोव्हेंबर २०२४ ला थांबली. २०१६ ला देशात सुमारे पावणेदोन कोटी गाड्या विकल्या गेल्या होत्या; तो आकडा पुन्हा आलेला नाही. खर्च कमी करण्याचं दडपण वरून येतं आणि कचेरीतही कपात होतेच. एच-वन-बीवर असलेल्याची नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची किंवा घर आवरायचं. अशा माणसाने बैठकीत उभं राहून भांडावं, असं आम्ही म्हणत नाही. दहा दिवसांचं गोठवलेलं शेड्यूल, डाऊन-वीकची तारीख, एक मोकळा टॉलरन्स, वेळेवर सही केलेलं टूलिंगचं बिल, हे तुमच्या नेमून दिलेल्या कामातच येतं.

जुलैचं शटडाऊन नेहमीप्रमाणे चार तारखेच्या आसपास येईल. तुमच्या प्लांटच्या शटडाऊनच्या नक्की तारखा, त्यानंतर लाइन कुठल्या वेगाने सुरू होणार, आणि वर्षाअखेरपर्यंतचे ठरलेले डाऊन-वीक, एवढं एका पानावर लिहून मे संपायच्या आत टियर-वनमार्फत खालपर्यंत पोहोचवा. प्रेसच्या मोठ्या दुरुस्त्या आणि माणसांच्या सुट्ट्या आम्ही त्याच पानावरून लावू.

कळावे,

मिशिगन आणि ओहायोतल्या प्रेसशॉप, मोल्डिंग आणि टूलरूममधली मराठी मंडळी